मोटारीचे पुढचे ब्रेक : घरी करावयाची दुरुस्ती आणि तिच्या मर्यादा



मोटार चालविणारे यंत्र जितके गुंतागुंतीचे, तितके तिला थांबविणारे यंत्र साधे असते. इंजिन बिघडले तर प्रवासी वाटेत अडकतात, फार तर मुक्काम चुकतो. ब्रेक बिघडला तर काय होते, हे पश्चिम घाटाच्या कुठल्याही उतारावर गाडी हाकणाऱ्यास सांगावयास नको. तरीही सर्वसामान्य मोटारमालक इंजिनाचे तेल नियमाने बदलतो, काचा पुसतो, गाडीला मेण लावतो आणि ब्रेककडे मात्र तो कुरकुरू लागेपर्यंत ढुंकूनही पाहत नाही. या व्याख्यानाचा विषय त्या उपेक्षित भागाचा आहे : पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड आणि ब्रेक डिस्क घरच्या अंगणात कशा बदलाव्यात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोणत्या टप्प्यावर हात आवरून गाडी मिस्त्रीकडे न्यावी.

ब्रेकचे काम म्हणजे गतीचे उष्णतेत रूपांतर करणे. गाडी थांबते तेव्हा तिच्या अंगची शक्ती नाहीशी होत नाही, ती ताप होऊन ब्रेकमध्ये उतरते. माणसांसह एक हजार किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असताना एकदा पूर्ण थांबविली, तर निर्माण होणारी उष्णता साध्या तपमानाचे सुमारे पाऊण लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी असते. वेग निम्मा, म्हणजे ४० किलोमीटर असेल तर ही उष्णता निम्मी न होता चौथ्या हिश्शावर येते. वेग दुप्पट केला की ब्रेकवरील भार चौपट होतो, हे गणित पुष्कळ चालकांच्या ध्यानी नसते.

ही झाली एकदा थांबण्याची गोष्ट. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना तीच मोटार पाचशे मीटरांहून अधिक खाली येते. एवढी उंची उतरताना जी शक्ती मोकळी होते ती चौदा-पंधरा लिटर पाण्याला उकळी आणू शकेल. तिचा काही भाग वारा घेतो, काही भाग, चालक शहाणा असल्यास, इंजिन घेते. उरलेला सगळा ताप दोन-चार लोखंडी चकत्यांना आणि हाताच्या पंजात मावतील एवढ्या पॅडना सोसावा लागतो. त्यातही पुढच्या चाकांवर अधिक बोजा पडतो, कारण ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढे झुकते. थांबविण्याच्या कामाचा दोन तृतीयांशाहून अधिक वाटा पुढचे ब्रेकच उचलतात. म्हणूनच ते आधी झिजतात.

भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ राज्य केलेल्या अॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या चारही चाकांना वर्षानुवर्षे ड्रमचे ब्रेक असत. त्या काळातील फिटरांचे हात ड्रम, ब्रेक शू आणि लायनर यांवरच तयार झाले. पॅडना ‘लायनर’ म्हणण्याची सवय अजूनही गॅरेजांतून ऐकू येते ती त्यामुळेच. डिस्कची कल्पना मात्र जुनी. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले. परंतु धातूवर धातू घासण्याचा त्यांचा प्रयोग कर्कश आवाज आणि झीज यांमुळे मागे पडला. पुढे १९५३ साली फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत डनलॉपच्या डिस्क लावलेल्या जॅग्वार गाडीने जिंकली, आणि १९५५ साली सिट्रोएनच्या डीएस या मोटारीने पुढच्या चाकांच्या डिस्क सामान्य ग्राहकापर्यंत आणल्या. ड्रम बंद डब्यासारखा असतो, त्यात ताप कोंडतो. डिस्क उघडी फिरते आणि वाऱ्याने निवते. तिच्या यशाचे सारे रहस्य एवढेच आहे.

रचना समजून घेतल्यावाचून पाना हाती घेऊ नये. चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती म्हणजे डिस्क. तिच्या कडेवर खोगिरासारखा बसलेला भाग म्हणजे कॅलिपर. बहुतेक लहान मोटारींत कॅलिपरला आतल्या बाजूस एकच पिस्टन असतो. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे सरून आतले पॅड डिस्कवर टेकवितो, आणि त्याच्याच प्रतिक्रियेने कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचे पॅड ओढून घेतो. या दोन पिना मोकळ्या सरकल्या पाहिजेत. घरगुती दुरुस्तीत सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते या बोटाएवढ्या पिनांकडेच.

पॅड कधी बदलावयाचे? नव्या पॅडवरील घर्षणाचा थर साधारणपणे दहा मिलिमीटर असतो. तो तीन मिलिमीटरवर आला की वेळ झाली असे समजावे. पुष्कळ पॅडना एक पातळ पत्र्याची जीभ असते. थर झिजला की ती डिस्कला घासून बारीक, तीक्ष्ण किंकाळी काढते. हा आवाज म्हणजे बिघाड नव्हे, ती सूचना होय. तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास पुढे खरखर सुरू होते, म्हणजे थर संपून पॅडची पोलादी पाटी डिस्कला ओरबाडू लागलेली असते, आणि केवळ पॅडचा असलेला खर्च डिस्कचाही होऊन बसतो. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर कोरलेली असते. नव्या डिस्कपेक्षा हा आकडा साधारणतः दोनच मिलिमीटर कमी असतो, त्यामुळे डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये, मायक्रोमीटरने मोजावे. झिजलेल्या डिस्कच्या कडेला उभी राहिलेली धार व्हर्निअरच्या मापात चकवा देते. किमान मापाखाली गेलेली डिस्क लेथवर तासून घेणे ही काटकसर नव्हे. पातळ डिस्क ताप साठवू शकत नाही आणि तडकू शकते. ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरत असेल, तर डिस्कची जाडी ठिकठिकाणी कमीअधिक झाली असण्याचा संभव फार. डिस्क ‘वाकडी झाली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ती क्वचितच वाकते. बहुधा हबवरील गंजामुळे ती मुळातच तिरपी बसविलेली असते आणि प्रत्येक फेऱ्यात एकाच ठिकाणी घासली जाऊन झिजते.

पॅड असोत वा डिस्क, दोन्ही चाकांच्या एकदमच बदलाव्यात. एका बाजूस नवे आणि दुसऱ्या बाजूस जुने ठेवले तर ब्रेक लावताच गाडी एकीकडे ओढते. पावसाळी रस्त्यावर याचा परिणाम काय होईल, ते सांगण्याची आवश्यकता नाही.

आता हे काम कोणी करावे? ज्याने पूर्वी स्वतः चाक बदलले आहे, ज्याच्याकडे योग्य पाने आहेत, गाडीचे दुरुस्ती-पुस्तक आहे आणि घाई नाही, त्याने करावे. पहिल्या खेपेस जाणता मनुष्य शेजारी असावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकलेले तरुण आज गावोगाव आढळतात. अशा एखाद्या तरुणास त्याची मजुरी देऊन अंगणात बोलावले तर काम आणि शिक्षण दोन्ही साधतात. उलट, दुसऱ्या दिवशी पहाटे कुटुंबासह देवदर्शनास निघावयाचे आहे म्हणून रात्री बॅटरीच्या उजेडात ब्रेक उघडणे हा अविचार आहे. ब्रेकचे काम नेहमी अशा सकाळी सुरू करावे, की ज्या दिवशी गाडी मुळीच लागणार नाही. काही अडले तर दुकान उघडे असते, आणि कामाला प्रकाश पुरतो.

सुटे भाग विकत घेताना पावती मागावी. नामांकित कंपन्यांच्या वेष्टनाची हुबेहूब नक्कल करणारा माल बाजारात येतो आणि ब्रेक पॅडच्या बाबतीत अशी फसवणूक पैशावर भागत नाही. अधिकृत विक्रेत्याकडून, गाडीचे वर्ष आणि मॉडेल सांगून, भाग-क्रमांक ताडून माल घ्यावा. पॅडसोबत येणाऱ्या लहान पट्ट्या आणि स्प्रिंगा जपून ठेवाव्यात. अनेक घरी त्या खोक्याबरोबर केरात जातात आणि मग नवे ब्रेक खडखडतात.

जुन्या पॅडची भुकटी हा वेगळाच विषय आहे. कित्येक दशके पॅड आणि लायनर यांत अॅस्बेस्टॉस घातले जात असे. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन वर्षानुवर्षांनी असाध्य रोग उत्पन्न करतात, हे आता निर्विवाद आहे. कोणत्या पॅडमध्ये ते आहे हे बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून हवेच्या नळीने अगर तोंडाने फुंकर मारून ब्रेक साफ करण्याची गॅरेजमधील जुनी पद्धत सर्वस्वी टाकून द्यावी. नाकावर योग्य मुखपट्टी बांधून, ओल्या फडक्याने भुकटी पुसून घ्यावी, फडके पिशवीत बांधून टाकावे. लहान मुलांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नये. उत्सुकतेने तीच सर्वांत आधी वाकून पाहतात.

प्रत्यक्ष कामाचा आरंभ जमिनीपासून होतो. जागा सपाट आणि टणक हवी. मातीच्या अंगणात जॅकखाली जाड फळी घालावी. हातब्रेक ओढावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करावेत; गाडी उचलल्यावर जोर लावला तर ती जॅकवरून घसरते. दुरुस्ती-पुस्तकात दाखविलेल्या जागीच जॅक लावून गाडी उचलावी आणि लगेच चासीखाली लोखंडी घोडी ठेवून तिच्यावर गाडीचा भार द्यावा. गाडीबरोबर मिळणारा जॅक केवळ चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात अगर डोके घालणे म्हणजे जीव टांगणीला लावणे होय. विटांची चवड तर मुळीच चालणार नाही, वीट सूचना न देता फुटते. काढलेले चाक आडवे करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवावे. घोडी दगा देईल तर निदान ते चाक भार झेलेल. एका वेळी एकच बाजू उघडावी. दुसरी बाजू जशीच्या तशी राहिली म्हणजे कोणती पट्टी कुठे होती हा प्रश्न पडल्यास उत्तर समोर असते.

स्टिअरिंग वळवून कॅलिपर बाहेरच्या बाजूस आणावा म्हणजे त्याचे बोल्ट हाताशी येतात. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डब्याचे झाकण सैल करावे. डबा काठोकाठ असेल तर थोडे ऑइल स्वच्छ पिचकारीने काढून घ्यावे, कारण पिस्टन मागे ढकलला की ऑइल वर चढते आणि ओसंडते. हे ऑइल गाडीचा रंग खाते, म्हणून भोवती फडके टाकावे व सांडल्यास ताबडतोब पाण्याने धुवावे.

कॅलिपरच्या मागील बाजूस दोन लहान बोल्ट असतात. अनेक गाड्यांत खालचा एकच काढून कॅलिपर बिजागरीसारखा वर उचलता येतो. परंतु डिस्कही बदलावयाची असल्याने दोन्ही बोल्ट काढून कॅलिपर पूर्ण सोडवावा लागतो. तो रबरी नळीला लोंबकळू देऊ नये. नळी बाहेरून धड दिसली तरी आतून फाटते, आणि ते दुखणे काही महिन्यांनी भलत्याच वेळी वर येते. तारेचा आकडा करून कॅलिपर सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगावा.

जुनी पॅड हाती आली की ती फेकण्यापूर्वी नीट पाहावीत, कारण रोगाचे निदान त्यांच्यावरच लिहिलेले असते. आतले आणि बाहेरचे पॅड जवळजवळ सारखे झिजलेले असेल तर कॅलिपर निरोगी आहे. एक पॅड पत्र्यापर्यंत गेलेले आणि दुसरे निम्मे शाबूत असे दिसले, तर सरकत्या पिना जाम झाल्या आहेत किंवा पिस्टन अडकतो आहे. पॅड एका टोकाला पाचरीसारखे उतरते झिजले असेल तरी संशय पिनांवरच घ्यावा. मूळ दोष तसाच ठेवून नवी पॅड बसविली तर थोड्याच दिवसांत ती जुन्यांच्या वाटेने जातात, आणि मालक मात्र पॅडच्या कंपनीला दोष देत बसतो.

डिस्क काढण्यासाठी कॅलिपरचा आधार, म्हणजे ब्रॅकेट, सोडवावा लागतो. त्याचे दोन बोल्ट मोठे आणि भलतेच घट्ट असतात. येथे आखूड पाना निरुपयोगी ठरतो. लांब दांड्याचा गोटी पाना लावून, गाडी घोडीवर पक्की बसली आहे याची पुन्हा खात्री करून, संथ पण भारी जोर द्यावा. हिसके मारू नयेत. यानंतर डिस्क हबला धरून ठेवणारा एक-दोन लहान स्क्रू असतात. गंजाने ते बसलेले असतात आणि साध्या पेचकसाने त्यांचे डोके गुळगुळीत होऊन जाते. हातोड्याचा ठोका देऊन फिरविण्याचा इम्पॅक्ट पेचकस येथे उपयोगी पडतो. नसल्यास उसना आणावा, पण साध्या पेचकसाचा हट्ट धरू नये.

स्क्रू निघूनही डिस्क जागची हलत नाही, हा कोकणातील गाडीमालकांचा नेहमीचा अनुभव. खाऱ्या, दमट हवेने डिस्क आणि हब गंजाने एकजीव होतात. गंज सोडविणारे तेल सांध्यात सोडून थोडा वेळ वाट पाहावी. पुष्कळ डिस्कना दोन आटे पाडलेली भोके असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने आवळत गेले की डिस्क आपोआप पुढे ढकलली जाते. ही सोय नसेल तर चाकाच्या नटांच्या मधल्या भागावर हातोड्याने, डिस्क फिरवीत फिरवीत, ठोके द्यावेत. डिस्क भंगारात जावयाची असेल तेव्हाच हा मार्ग. तीच पुन्हा वापरावयाची असेल तर तिच्या घर्षणाच्या पृष्ठभागाला हातोडा लावू नये. काही मोटारींत डिस्क हबच्या मागे बसविलेली असते आणि ती काढण्यास बेअरिंगच उघडावे लागते. तेथे घरगुती काम संपले. सर्व पूर्ववत जोडून गाडी कार्यशाळेत न्यावी, त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

डिस्क निघाली की हबचा उघडा पडलेला पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून धातू चमकेपर्यंत साफ करावा. या एका कामात कंटाळा केल्याने जितके ब्रेक थरथरतात तितके कशानेही थरथरत नसतील. हबवर केसाएवढी गंजाची पापडी राहिली तरी डिस्कच्या परिघावर तिचा डोल वाढतो, आणि हा डोल मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आत राहावयास हवा. नव्या डिस्कवर गंज चढू नये म्हणून कारखान्यात तेल लावलेले असते. ते ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी निपटून काढावे. पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नये, रॉकेलचा तेलकट थर मागे राहतोच. त्यानंतर त्या पृष्ठभागाला बोटही लावू नये.

ब्रॅकेट परत बसविताना बोल्ट पुस्तकातील आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळावेत. ब्रॅकेटचे मोठे बोल्ट आणि कॅलिपरचे लहान बोल्ट यांचे आकडे एकमेकांहून फार भिन्न असतात. मोठ्याचा जोर लहानाला लावला तर तो तुटतो, आणि लहानाचा मोठ्याला लावला तर तो वाटेत सुटतो. ज्याच्याकडे टॉर्क पाना नाही त्याने हे काम हाती घेऊ नये, असे म्हणणे कठोर वाटेल, परंतु ‘हाताला कळते’ हा आत्मविश्वास फिटराला वीस वर्षांच्या रियाजाने येतो, घरमालकाला नव्हे.

सरकत्या पिना बाहेर काढून जुने, कडक झालेले ग्रीस पुसावे, गंजाचा डाग असल्यास पीन बदलावी आणि ब्रेकसाठीच बनविलेले ग्रीस पातळ हाताने लावावे. चासीला मारण्याचे नेहमीचे ग्रीस येथे वापरल्यास त्याने रबरी टोप्या फुगतात आणि पिना पूर्वीपेक्षाही घट्ट बसतात. ग्रीसचा अंश पॅडच्या तोंडाला किंवा डिस्कला लागता कामा नये.

नवी पॅड जाड असतात, त्यामुळे पिस्टन मागे ढकलल्याशिवाय कॅलिपर बसत नाही. जुने पॅड पिस्टनवर आडवे ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबावे. पिस्टनभोवतीचे रबर फाटलेले दिसले, ओलसरपणा आढळला, किंवा बेताच्या जोराने पिस्टन हलत नसेल, तर थांबावे. तो कॅलिपर आता पॅडचा विषय राहिला नाही, तो तज्ज्ञाचा विषय झाला. पिस्टन मागे गेला की पॅड, पट्ट्या, स्प्रिंगा जागच्या जागी बसवून कॅलिपर वरून चढवावा आणि बोल्ट आवळावेत. नळीला पीळ पडलेला नाही हे पाहावे. चाक चढवून नट हाताने फिरवावेत, गाडी खाली आणावी आणि मग समोरासमोरचे नट क्रमाने, तारा काढावा तसे, आवळावेत. लहान मोटारींत हा जोर बहुधा १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा पुस्तकातून घ्यावा. नंतर दुसरी बाजू.

यापुढची कृती सर्वांत सोपी आहे आणि तीच विसरली तर अनर्थ ओढवतो. पिस्टन मागे ढकललेला असल्याने पहिल्यांदा पेडल दाबताच ते सरळ तळाला जाते. त्या क्षणी गाडीला पुढचे ब्रेक नाहीतच, असे समजावे. म्हणून गाडी जागेवरून हलविण्यापूर्वी पेडल वरचेवर, सावकाश दाबत राहावे. पाच-दहा वेळांत ते टणक लागू लागते. मगच इंजिन चालू करावे आणि डब्यातील ऑइल खुणेपर्यंत आहे की नाही ते पाहावे. पेडल टणक न होता स्पंजासारखे लागत असेल तर नळीत हवा आहे. हवा काढून पेडल टणक होईपर्यंत गाडी फाटकाबाहेर नेऊ नये. घराच्या आवारातच, चालण्याच्या वेगाने, दोन-चार वेळा थांबून पाहावे.

नवे पॅड आणि नवी डिस्क यांची ओळख व्हावी लागते. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०-६० किलोमीटर वेगावरून मध्यम दाबाने वेग १५ च्या आसपास आणावा, पुन्हा वेग घ्यावा, मध्ये ब्रेक निवू द्यावा. असे दहा-एक वेळा केले म्हणजे पॅडचा बारीक थर डिस्कवर सर्वत्र सारखा चढतो. या काळात गरम डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी धरू नये, त्या जागी डाग उमटतो आणि पुढे थरथर तेथूनच सुरू होते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर एकाएकी कचकन ब्रेक लावण्याचा प्रसंग शक्यतो टाळावा, आणि शंभर किलोमीटरांच्या आत चाकांचे नट पुन्हा तपासावेत.

पॅड बदलण्याच्या निमित्ताने ब्रेक ऑइलचीही आठवण व्हावी. त्याला ऑइल म्हणतात खरे, पण ते हवेतील पाणी शोषून घेणारे रसायन आहे. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असे प्रमाण आहे. पाणी शोषलेल्या स्थितीत ही मर्यादा १४० अंशांवर घसरते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाट उतरताना तापलेल्या कॅलिपरमध्ये जुने ऑइल उकळले की त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल पायाखाली खचते आणि गाडी थांबत नाही. पाच मिनिटे थांबून ब्रेक निवला की पेडल पूर्ववत टणक होते, त्यामुळे गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलावे, आणि चेरापुंजीशी स्पर्धा करणाऱ्या सह्याद्रीच्या माथ्यावरील गावांत तर त्यात चालढकल नको. उघडून वर्षभर माळ्यावर ठेवलेला डबा वापरू नये.

उत्तम ब्रेकही चुकीच्या हाती निकामी ठरतो. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे. पेट्रोल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणारे चालक प्रत्यक्षात काहीच वाचवीत नाहीत : आधुनिक इंजिनात गिअर लावून उतरताना इंधनाचा पुरवठा यंत्रणा आपोआप तोडते, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यास इंधन लागतेच. आणि जे चालक इंजिनच बंद करतात ते ब्रेकला मदत करणारी निर्वात शक्ती गमावतात. दोन-तीन वेळा दाबल्यावर पेडल दगडासारखे होते. ब्रेक सतत हलका दाबून ठेवण्यापेक्षा थोडा वेळ नेटाने दाबून सोडावा, म्हणजे मधल्या काळात वारा आपले काम करतो. जळकट वास आला, पेडल खाली जाऊ लागले, तर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा पाहून थांबावे. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती तडकते.

काम आटोपल्यावर काढलेल्या डिस्क भंगारवाल्यास द्याव्यात. बिडाला किंमत येते. वापरलेले ब्रेक ऑइल गटारात किंवा विहिरीजवळच्या मातीत ओतू नये. बाटलीत भरून, वर चिठ्ठी लावून, इंजिनाचे टाकाऊ तेल घेणाऱ्या कार्यशाळेकडे वेगळे सोपवावे. जुनी पॅड पिशवीत गुंडाळून बांधावीत. गाडीच्या नोंदवहीत तारीख, मीटरचा आकडा आणि बसविलेल्या भागांचे क्रमांक लिहून पावती त्याच पानाला टाचून ठेवावी. गाडी पुढे विकली तर नव्या मालकाला हे पान सर्वांत आधी दाखवावे.